वरचं अंतर, खालचं अंतर

उजव्या हाताचा तळवा कानामागे धरायचा, मान वायव्येकडं कलती करायची आणि तोंड जरासं उघडं ठेवायचं. तोंड उघडं ठेवलं की लांबचा आवाज चांगला ऐकू येतो, असं मामांचं ठाम मत होतं. बारा महिने डोक्यावर असलेली कानटोपी तेवढ्यापुरती एका कानावरून वर सरकायची. अशा पवित्र्यात ते थोडा वेळ उभे राहायचे. मग हात खाली यायचा, आणि तो हात आता कुठं जातोय याकडं विमानतळावरच्या सगळ्यांचं लक्ष असायचं. हात खिशात जाऊन तंबाखूची पुडी बाहेर आली, तर विमान उतरणार. हात जीपच्या दाराकडं गेला, तर संपलं. मामा आत बसून सेल्फ मारायचे, ती म्हातारी डिझेल जीप खोकत खोकत सुरू व्हायची, आणि स्वागताला आलेल्या लोकांच्या हातातले हार आपोआप खाली यायचे.

तुम्ही म्हणाल, विमानाचा आणि एका जीपचा काय संबंध? सांगते.

उजळाईवाडीच्या माळावर आमचा तो कोल्हापूरचा विमानतळ. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक बैठी इमारत, बाहेर एक बाभळीचं झाड आणि चहाचा गाडा. नव्वदचं दशक सरताना आणि पुढची काही वर्षं मी तिथं एका तिकीट एजंटाच्या काउंटरवर होते. तिकिटं बघायची, सामानाला चिठ्ठ्या बांधायच्या आणि माइकवरून घोषणा करायच्या, ही माझी कामं. माइकची तशी गरज नव्हती. मी कसबा बावड्यात वाढलेली, नुसती बोलले तरी सगळ्या इमारतीला ऐकू जायचं. विमान कधी चालू असायचं, कधी महिनोन्‌महिने बंद. चालू असलं की मुंबईहून पंख्याचं एक छोटं विमान यायचं, तेही रोज नाही. पावसाळ्यात माळावर ढग उतरले की पायलटला खालची पट्टी दिसायची नाही. मग तो आमच्या डोक्यावर दोन चकरा मारायचा आणि सरळ बेळगावला निघून जायचा.

कोल्हापूरहून बेळगावला विमानाला पंधरा-वीस मिनिटं लागत. तिथं उतरलेल्या माणसांना परत कोल्हापूरला आणायला जीपला दोन-अडीच तास, आणि तेही रस्ता धड असेल तर. काही प्रवासी बेळगावातच गाडी ठरवून निघायचे. उरलेले, त्यातही म्हातारीकोतारी, मामांची वाट बघत बसायचे, कारण हे काम आमच्या एजंटानं मामांना लावून दिलं होतं. म्हणून मामा ढग दिसले की जीप घेऊन यायचे, बाभळीखाली लावायचे आणि कान देऊन उभे राहायचे. विमान वळलं हे कंट्रोलवाल्यांकडून मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. माझी घोषणा व्हायच्या आत त्यांचा सेल्फ. मला या गोष्टीचा फार राग यायचा.

"मामा, जरा मला बोलू तर द्या की," मी एकदा म्हटलं.

"ताई, तुमी बोला. मी कुठं बोलतोय? गाडी बोलती."

नाव मी सांगत नाही त्यांचं. नाव घेऊन कुणी त्यांना हाक मारल्याचं मला आठवतही नाही. ठेंगणे, खांद्यांनी रुंद, मूळचे शाहूवाडीकडचे. "आमच्याकडं ढग दारात यिऊन बसतंय, हाकलावं लागतंय," असं सांगायचे. म्हणून त्यांना ढगाचं फार कळायचं असं मात्र समजू नका. अंदाज त्यांचा बऱ्याचदा साफ चुकायचा. कडकडीत उन्हातसुद्धा ते कधी कधी जीप घेऊन हजर व्हायचे आणि विमान मजेत उतरलेलं बघून, प्रवाशांच्या पोरांना हात करून, रिकामे परत जायचे.

एकदा एक मुंबईचे साहेब बेळगावहून मामांच्या जीपमधून आले, ते तावातावानं थेट माझ्यासमोर. "कोल्हापूर माझ्या पायाखाली होतं! पायाखाली! आणि तिथं यायला मला आता अडीच तास लागले?" मागून त्यांची बॅग घेऊन आलेले मामा म्हणाले, "सायेब, वरचं अंतर येगळं, खालचं येगळं. वर निपाणी लागत न्हाई. वर तवंदीचा घाट लागत न्हाई. वर म्हसरं आडवी येत न्हाईत. तुमी वरची घाई घिऊन खाली आलासा, त्याला कोन काय करनार?"

साहेब हसले. मामांना ते वाक्य आपलं आपल्यालाच आवडलं असावं. पुढं ते कुठंही वापरायला लागले. कुणा पुढाऱ्यानं भाषणात रस्ता लवकरच होणार म्हणून सांगितलं की, "वरचं अंतर येगळं, खालचं येगळं." भाचीचं लग्न जमता जमता लांबलं की तेच. माझ्या पगारवाढीचा विषय निघाला की तेच.

जीपमध्ये माणूस असलं की मामा वेगळे आणि नसलं की वेगळे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. प्रवासी असले की तवंदीच्या घाटात त्यांची जीप बैलगाडीसारखी चालायची. घाटाखाली एका चहावाल्याकडं ते हटकून थांबायचे, बायकांना आधी पाणी द्यायला लावायचे, म्हाताऱ्यांना पाय मोकळे करायला सांगायचे. कानडी प्रवासी भेटला की "बर्री, कूडरी" म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवायचे. त्यापुढचं कानडी त्यांना येत नव्हतं, म्हणून नुसतंच हसायचे. पण जाताना रिकामी गाडी असली की हे सगळं गुंडाळून ठेवायचे. गोकुळ शिरगावचे एक फाउंड्रीवाले साहेब नेहमी विमानानं ये-जा करायचे. त्यांनी एकदा हायवेवर मामांची रिकामी जीप आपल्या गाडीला मागं टाकून जाताना पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मामांना माझ्यासमोर झापलं.

"अहो, जीव द्यायचाय का?"

"मोकळी गाडी हुती की सायेब," मामा म्हणाले. "मोकळ्या गाडीला कोन इचारतंय?"

तेव्हा आम्ही हसलो. मला ते वाक्य आता नीट उच्चारताही येत नाही.

पनवती हा शब्द नेमका कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, सांगता येणार नाही. असले शब्द कुणा एकाचे नसतातच. मामा ढग बघून यायचे. ढग असले की जीप असायची, आणि ढग असले की विमान उतरायचं नाही. पण ढगावर माणसाला चिडता येत नाही, जीपवर येतं. मामा झाडाखाली उभे असताना विमान सुखरूप उतरलं, असंही कितीदा तरी झालं. त्या दिवशी लोक आपापल्या पाहुण्यांना घेऊन हसत घरी गेले आणि विसरले. उतरलेली विमानं कोण लक्षात ठेवतं?

गुजरीतल्या एका बड्या सराफ घराण्याचा मुलगा परदेशातून येणार होता. अख्खं घर आलं होतं, आजीबाईंच्या हातात ओवाळायचं ताट. आभाळ गच्च भरलेलं. आजीबाईंनी बाभळीखालची जीप पाहिली आणि गेटवरच्या हवालदारांना बोलावून म्हणाल्या, "त्या माणसाला जरा पलीकडं उभं राहायला सांगा. शुभ कामाला आलोय आम्ही." हवालदार बिचारे ओशाळले. त्यांना तोंड उघडायची वेळ आलीच नाही. मामांनी ऐकलं होतं. त्यांनी निमूटपणे जीप गेटाबाहेर, भिंतीच्या आडोशाला नेऊन लावली. विमान आलं, दोन चकरा मारल्या आणि बेळगावला गेलं. "भिंतीमागं गेला म्हणून काय झालं, होता तर खरा," आजीबाई म्हणाल्या. संध्याकाळी नातू आला तो मामांच्याच जीपमधून. आजीबाईंनी नातवाला ओवाळलं आणि मग एक लिंबू जीपवरून उतरवून टाकलं. मामा त्याच्या बॅगा उतरवत होते.

"माझी न्हाई, गाडीची नजर काढली म्हातारीनं," मला नंतर सांगत होते. "गाडी लई खूश हाय."

हे ते हसत सांगत होते तोवर ठीक होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जगानं केलेली थट्टा जगाच्या आधी स्वतःच करून टाकणारी. त्यांची थट्टा बंद झाली की आपण सावध व्हावं. त्यानंतर मामा आपणहून भिंतीमागं जीप लावायला लागले. कुणी सांगितलेलं नसताना. तिथूनच कान द्यायचे. कानटोपी तेवढी भिंतीवरून दिसायची. स्वागताला आलेल्यांपैकी कुणी तरी ती बघायचंच, आणि कोपरानं शेजारच्याला खुणावायचं.

एकदा भाताच्या लावणीला मामा आठवडाभर गावी गेले होते. त्या आठवड्यात एक विमान भर ढगात, मधेच एक फट मिळाली तिच्यातून उतरलं. मामा परत आल्यावर हवालदारांनी गमतीनं म्हटलं, "मामा, तुमी नव्हतासा, उतरलं बगा!" हवालदार भला माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं. मामा हसले नाहीत. थोड्या वेळानं माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले.

"ताई, एक इचारू? असं असतंय का ओ?"

"कसं?"

"एकाद्याच्या पायगुणाचं."

मी भडकले. "मामा, तुमी ढगात वाढलेला माणूस. ढगाला काय कळतंय, झाडाखाली कोण उभा हाय ते?"

"ढगाला न्हाई कळत," ते म्हणाले. आणि ते बाहेर गेले.

मामींना मी ओळखत होते. सणावाराला त्या मामांबरोबर जीपमधून यायच्या आणि आम्हा सगळ्यांना पुरतील इतक्या पोळ्या डब्यात घालून आणायच्या. किडकिडीत बाई, आवाज मात्र खणखणीत. मामांना सगळ्यांदेखत दटावायच्या आणि मामा मान खाली घालून खूश व्हायचे. मूलबाळ नव्हतं. एका वर्षी गेटापासून काउंटरपर्यंत येताना त्या तीनदा थांबल्या. हृदयाची झडप बिघडली होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. मामा तेवढे दिवस तिथं राहिले आणि मग पोटासाठी परत आले. मामींना तिथंच बहिणीकडं ठेवलं होतं. मधल्या काळात पाऊस सुरू झाला. डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली, पण एक अट घालून. छातीचं हाड अजून जुळतंय, हादरा बसता कामा नये. रात्रभराची रेल्वे नको, बस नको, खड्ड्यांचा रस्ता तर मुळीच नको.

फाउंड्रीवाल्या साहेबांना हे कळलं. ते म्हणाले, "मामा, इतकी वर्षं तुम्ही मला खालून आणलंत. मामींना मी वरून आणतो." त्यांचं मुंबईला काम होतंच. येताना मामींना बरोबर घेऊन येतो म्हणाले, तिकीट त्यांनीच काढलं. मामांनी त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, साहेब पळून गेले.

म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर होतं. विमान कोल्हापूरला उतरलं तर मामी दहा मिनिटांत घरी. बेळगावला गेलं तर तोच रस्ता, आणि त्या वर्षी हायवे चौपदरी करायचं काम काढलेलं. ठिकठिकाणी खोदून ठेवलेलं, घाटात अर्धा रस्ता बंद. त्या रस्त्यावरून धडधाकट माणूससुद्धा कंबर धरून उतरायचा. आयुष्यभर ज्या रस्त्यानं मामांना भाकरी दिली, त्याच रस्त्याला मामा त्या दिवसांत घाबरून होते. रोज येऊन आभाळाकडं बघायचे. तंबाखू सोडली होती, देवाला बोलले होते म्हणून.

तो दिवस उजाडला तो पावसाचाच. पाऊस थांबला, तर त्याच्या जागी ढग माळावर उतरले. सकाळी मी स्कूटरवरून आले तेव्हा मामा माझ्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. जीपच्या मागच्या सीटा काढून तिथं कापसाची जाड गादी घातली होती, तिच्यावर पांढरी चादर, बाजूला लोड, उशाला दोन उशा. बाळंतिणीची खोली तयार करावी तशी त्यांनी ती जीप तयार केली होती. मला हसू आलं आणि रडूही.

"ताई, मी चाललो," मामा म्हणाले.

"कुठं?"

"बेळगावला."

"अहो, विमान यायला अजून किती वेळ हाय! आणि ते इथं उतरनार हाय."

"म्हनून तर चाललोय." ते काउंटरवर वाकले आणि हळू आवाजात बोलायला लागले, कुणी ऐकेल म्हणून. "मी हितं असलो की इमान बेळगावला जातंय. व्हय का न्हाई? मग मी बेळगावला असलो की?" अवघड गणित सुटलेल्या पोरासारखे ते माझ्याकडं बघत होते.

"मामा, काय तर बोलताय. ढगाचा तुमच्याशी काय संबंध?"

"ढगाचा नसंल. माझा हाय की." मग जरा थांबून म्हणाले, "आनि समजा, गेलंच तिकडं. तर मी हायच की तिथं. गादी घातलीया. चालत्या मानसाच्या चालीनं आनीन तिला, दिवस मावळला तरी चालंल. दुसऱ्या कुनाच्या गाडीत न्हाई घालायची मी तिला."

पहिला हिशेब खुळा होता, पण दुसरा शहाणा होता, आणि दोन्हींचा रस्ता बेळगावलाच जात होता. मी एवढंच म्हटलं, "रस्ता बघून जावा मामा. घाटात धुकं असनार."

"जातो की. गादी हाय ना मागं," ते म्हणाले. जाताना ते खरंच हळू गेले. गेटातून वळताना जीप हिंदकळू नये म्हणून त्यांनी किती जपून वळवली, ते मी खिडकीतून पाहत होते.

दुपारी विमानाचा आवाज आला. ढगाच्या वर, कुठं ते दिसत नव्हतं. इमारतीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. आवाज डोक्यावरून गेला, लांब गेला, परत आला. पहिली चक्कर. धावपट्टीपलीकडं टिटव्या ओरडायला लागल्या आणि कुणीतरी त्यांना शिव्या घातल्या. दुसरी चक्कर. सवयीनं सगळ्यांचे कान भिंतीकडं लागले होते, आता जीप खोकणार म्हणून. भिंतीमागं काहीच नव्हतं. आवाज पुन्हा लांब गेला. आणि मग ढग पट्टीच्या एका टोकाला जरासा उचलला गेला, खालच्या शेताचा हिरवा तुकडा दिसला, त्याच्यावरून विमान सरळ आत आलं आणि टेकलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आलं ते, कारण माझ्याही मनात एक क्षणभर तेच आलं.

मामी शाल पांघरून, साहेबांच्या हाताला धरून, एकेक पायरी मोजत उतरल्या. चेहरा उतरला होता पण डोळे तेच. चहूकडं बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कुठं हायत ओ?"

मी सांगितलं. विमान तुमचं इथं उतरावं म्हणून मामा बेळगावला जाऊन उभे राहिलेत. मामी आधी बघतच राहिल्या आणि मग छातीला दोन्ही हात लावून हसायला लागल्या. "हसवू नगासा गं बाई, टाकं दुखत्यात. याड लागलंय या मानसाला, याड." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. बेळगावच्या विमानतळाजवळच्या बूथवरून मामा बोलत होते.

"ताई, हितं काय आलं न्हाई. वाट बघून बघून फोन केला. काय झालं काय?"

"उतरलं मामा. हितं उतरलं."

मला वाटलं फोन कटला.

"मामा?"

"आयकतोय. ती?"

"या काय, माझ्यापुढं बसल्यात. बोला."

मी फोन मामींना दिला. "काय ओ, मी आले आनि तुमी गाव सोडून गेलासा व्हय?" मामी म्हणाल्या. मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. "बरं... न्हाई, दुखत न्हाई... जेवलासा का?... गादी? कशाला ओ?... बरं. बसते मी हितंच. न्हाई, सायबांच्या गाडीतनं न्हाई जात. तुमी घातलीया न्हवं गादी, मग तिच्यावरच बसून जानार. सावकाश या."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चेहरा लग्नातल्या मुलीसारखा झाला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनालं, मोकळी गाडी हाय, आत्ता येतो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

मामी भिंतीकडेच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या. साहेब घरी गेले नाहीत. आपली गाडी उभी होती तरी चहाच्या गाड्यापाशी येरझाऱ्या घालत राहिले. विमान परतीच्या प्रवाशांना घेऊन गेलं. माळ रिकामा झाला. आमच्यावरचे ढग सरकून दक्षिणेला, कागलच्या पलीकडं, मामांच्या वाटेवर जाऊन बसले होते; तिकडचं आभाळ काळंनिळं दिसत होतं. इकडं माळावर चक्क ऊन पडलं. त्या उन्हाचा मला इतका राग आला की मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दोन तास झाले असतील. हायवेवरून एखादी जीप गेली की मामी उजवा तळवा कानामागं धरायच्या. अगदी मामांसारखा. "आली बगा," म्हणायच्या. गाडी पुढं निघून जायची. "न्हाई. आमच्या गाडीचा खोकला येगळा हाय," म्हणायच्या आणि हात खाली घ्यायच्या. पुन्हा एखादी जीप. पुन्हा हात. हवालदार दोनदा चहा घेऊन आले, मामींनी दुसरा घेतला नाही. "ते आल्यावर घेते."

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. मी उठायच्या आत साहेबांनी उचलला. पलीकडं घाटाखालचा चहावाला होता, ज्याच्याकडं मामा प्रवाशांना घेऊन थांबायचे तो. साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी फोन इतका हळू खाली ठेवला की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

तवंदीच्या घाटात धुकं उतरलं होतं. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्या अर्ध्यावरून जाणारी-येणारी दोन्हीकडची वाहनं. समोरून ट्रक आला. मामा जागच्या जागी गेले. जीपचा पुढचा भाग राहिला नव्हता, मागची गादी मात्र जशीच्या तशी होती, चादरीची घडीसुद्धा विस्कटली नव्हती, असं तो चहावाला पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

हे आम्हाला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या वेळी साहेब नुसते माझ्याकडं बघत उभे होते, आणि मामी आमच्या दोघांकडं.

"कुठवर आल्यात?" मामींनी विचारलं.

तवंदीचा घाट कोल्हापूरपासून तसा लांब नाही. वरून तर काहीच नाही.

मामी त्यातून उठल्या. अजून आहेत, शाहूवाडीला दिराकडं असतात. मी मधे एकदा जाऊन आले. पोळ्या केल्या होत्या. छातीवरचा व्रण दाखवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हनालं, हादरा बसता कामा नये."

त्याच पावसाळ्यात, मामा गेल्यावर थोड्याच दिवसांनी, माळावर पुन्हा ढग उतरले. स्वागताला आलेली माणसं बाहेर उभी होती. त्यांतले काही जण नेहमीचे, मामांना भिंतीमागं बघून कोपरानं खुणावणारे. आज भिंतीमागं काही नव्हतं. बाभळीखाली ऑइलचा एक काळा डाग तेवढा होता, पावसानंही न गेलेला. विमानाचा आवाज आला, डोक्यावरून गेला, परत आला. दुसरी चक्कर झाली. फट कुठं दिसली नाही. मग तो आवाज दक्षिणेकडं वळला आणि बारीक होत होत बेळगावकडं गेला.

मी माइक हातात घेतला होता, पण बोलले नाही. सगळे जण माना कलत्या करून, कान देऊन उभे होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. कुठलीच गाडी सुरू झाली नाही.